परस्पर जाहिरात-जाळ्यातून ब्लॉगवर येणाऱ्या भेटी: तीन ठिकाणी तीन आकडे, खरा कोणता मानावा?

मोडीवाचक

नमस्कार. मी गेली चार वर्षे मोडी लिपी शिकवणारा ब्लॉग चालवते. स्वरांपासून जोडाक्षरांपर्यंत आणि पुढे प्रत्यक्ष कागद वाचण्यापर्यंत क्रमाने लिहिलेले २४ पाठ त्यावर आहेत. आजवरचे बहुतेक वाचक गूगलवर शोध घेत आले. घरात पणजोबांच्या वेळचा जमिनीचा एखादा कागद सापडतो, तो वाचता येत नाही आणि मग शोधाशोध सुरू होते, असा त्यांचा साधारण प्रवास असतो.

तीन महिन्यांपूर्वी मी ब्लॉगलेखकांच्या एका परस्पर जाहिरात-जाळ्याची सभासद झाले. तेथे दोन मार्गांनी क्रेडिट, म्हणजे आपल्या ब्लॉगसाठी जाहिरात वा भेटी मिळवण्याचा हक्क, मिळते. माझ्या ब्लॉगवर इतरांच्या जाहिराती दोनदा दिसल्या की माझी जाहिरात दुसरीकडे एकदा दाखवली जाते, हा पहिला मार्ग. दुसऱ्या मार्गात इतर सभासदांच्या ब्लॉगवर जाऊन २० सेकंद थांबायचे, म्हणजे तितक्याच भेटी आपल्या ब्लॉगला मिळतात. सभासद अनेक भाषांतले आहेत, मराठी लिहिणारे थोडेच.

माझी अडचण हिशोबाची आहे. जाळ्याच्या पानावर गेल्या महिन्यात माझ्या ब्लॉगकडे ४१२ क्लिक पाठवल्याची नोंद आहे. गूगल ॲनालिटिक्समध्ये (ब्लॉगवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात) त्या जाळ्याच्या नावावर २३६ सेशन, म्हणजे भेटी, दिसतात. माझा ब्लॉग ज्या ‘ब्लॉगर’ सेवेवर आहे तिची स्वतःची आकडेवारी पाहिली तर त्याच महिन्यात वाढलेली पृष्ठदृश्ये (पान उघडल्याच्या नोंदी) या दोन्ही आकड्यांहून जास्त आहेत. ‘डायरेक्ट’ या सदरातल्या, म्हणजे कोठून आल्या ते न कळलेल्या, भेटीही याच काळात वाढल्या आहेत. त्याहून चक्रावून टाकणारी बाब अशी की जाळ्यातून आलेल्यांचा एंगेजमेंट रेट (वाचक गुंतून राहिलेल्या भेटींचे प्रमाण) ८० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे गूगलवरून आलेल्या वाचकांपेक्षाही जास्त आहे. मात्र त्यांच्यापैकी एकानेही प्रतिक्रिया लिहिलेली नाही की शंका विचारलेली नाही. यातला कोणता आकडा धरून चालावे आणि या जाळ्यात राहण्यात अर्थ आहे की नाही, हे कसे ठरवावे?

लॉगवही

आपल्या तिन्ही आकड्यांपैकी एकही खोटा असेलच असे नाही. तिघे वेगवेगळ्या दारांत उभे राहून मोजत आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

जाळे क्लिक मोजते ते स्वतःच्या सर्व्हरवर. जाहिरातीवर बोट पडले की मागणी प्रथम त्यांच्या मोजणीच्या पत्त्यावर जाते, तेथे नोंद होते आणि मग ती व्यक्ती आपल्या ब्लॉगकडे वळवली जाते. आपले पान उघडण्यापूर्वीच कोणी मागे फिरले तरी त्यांच्या वहीत ती क्लिक चढलेली असते, आणि बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, केलेली क्लिकही गाळली गेली नसेल तर तीत जमा होते. गूगल ॲनालिटिक्सची नोंद याउलट पान उघडून त्यातली स्क्रिप्ट (मोजणीचा छोटा प्रोग्राम) चालल्यावरच होते. ज्यांच्या ब्राउझरमध्ये जाहिरातरोधक आहे त्यांच्याकडे ती स्क्रिप्ट बहुधा चालतच नाही. शिवाय सेशन म्हणजे क्लिक नव्हे: एकच व्यक्ती अर्ध्या तासाच्या आत दोनदा आली तर क्लिक दोन होतात, सेशन मात्र एकच राहते. ब्लॉगरची आकडेवारी पृष्ठदृश्ये मोजते, भेटी नव्हे. तिची पहिल्या दोन आकड्यांशी तुलनाच करू नये. स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय त्या आकडेवारीत आहे, ती चालू केली नसल्यास करावी. पाठ दुरुस्त करताना आपण स्वतःच दिवसातून कितीदा पान उघडतो, याची आपल्याला कल्पना नसते.

आता ‘डायरेक्ट’विषयी. वाचक कोठून आला हे ब्राउझर पानाच्या मागणीसोबत पाठवलेल्या रेफरर नावाच्या एका नोंदीतून सांगतो. (या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग मूळ मानकातच एक ‘आर’ गाळून चुकीचे लिहिले गेले आणि ती चूक आजतागायत तशीच चालू आहे.) क्रोमने २०२० पासून या नोंदीला डिफॉल्टनेच कात्री लावली आहे, त्यामुळे दुसऱ्या संकेतस्थळाला केवळ मूळ डोमेन कळते, नेमके पान कळत नाही. त्यातच आपल्या जाळ्याची जाहिरात सभासदांच्या ब्लॉगवर आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीतून) दाखवली जात असेल, तर रेफरर म्हणून जाळ्याचेच डोमेन येते आणि कोणत्या ब्लॉगवरून वाचक आला हे कळण्याचा मार्ग बंद होतो. काही जाळी दुव्यावर ‘नोरेफरर’ (रेफरर पाठवू नये अशी सूचना) लावतात. तसे असल्यास काहीच कळत नाही आणि ती भेट सरळ ‘डायरेक्ट’मध्ये जाऊन पडते. आपले हरवलेले काही सेशन तेथे सापडण्याची शक्यता दाट आहे.

यावर उपाय एकच: रेफररच्या भरवशावर राहू नये, जाहिरातीच्या दुव्यालाच यूटीएमची खूण (भेट कोठून आली ते सांगणारे, पत्त्याच्या शेवटी जोडलेले शब्द) बांधावी. यातले ‘यू’ हे अक्षर अर्चिन या कंपनीच्या नावातले आहे. गूगलने २००५ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याच उत्पादनातून गूगल ॲनालिटिक्स घडले. सोर्स म्हणून जाळ्याचे नाव, मीडियम म्हणून जाहिरातीचा प्रकार, कॅम्पेन म्हणून महिना आणि कंटेंट म्हणून जाहिरातीची कोणती आवृत्ती, एवढे पुरे. आपल्याकडे क्रेडिटचे दोन मार्ग आहेत, तेव्हा दोहोंना निरनिराळे मीडियम द्यावे. एकत्र ओतल्यास पुढचे सारे विश्लेषण व्यर्थ जाईल. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गूगल ॲनालिटिक्स लहान-मोठी रोमन अक्षरे वेगळी मानते, त्यामुळे एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षरांत नाव लिहिले तर एकाच जाळ्याच्या दोन ओळी होतात. तसेच मीडियम मनाने रचले तर ती भेट ‘अनअसाइन्ड’ या कचरापेटीत पडते. ‘बॅनर’ हा शब्द रोमन लिपीत लिहिल्यास ती ‘डिस्प्ले’ गटात आणि ‘रेफरल’ लिहिल्यास त्या नावाच्या गटात नीट जाते.

मोह झाला तरी यूटीएममध्ये देवनागरी लिहू नये. युनिकोडमधले प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट घेते आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरे होतात; ‘मोडी’ एवढ्या शब्दात अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे छत्तीस अक्षरे झाली. ज्या जाळ्याच्या अर्जात दुव्याच्या लांबीवर मर्यादा असते तेथे असा पत्ता मध्येच तुटतो. आणि ब्लॉगच्या आतल्या दुव्यांना यूटीएम कधीही लावू नका, कारण तसे केले तर गूगलवरून आलेला वाचकही दुसऱ्या पाठावर जाताना जाळ्यातून आल्यासारखा दिसू लागेल.

जुनी पाटी

वरील तांत्रिक उत्तर उत्तम आहे. मात्र आपल्या एंगेजमेंट रेटचे कोडे तांत्रिक नाही, माणसाच्या हेतूचे आहे.

देवाणघेवाणीची ही रीत जुनी आहे. लिंकएक्स्चेंज नावाचे जाळे १९९६ मध्ये सुरू झाले. आपल्या पानावर दोन जाहिराती दाखवल्या की आपली एक जाहिरात दुसरीकडे दाखवली जाई आणि उरलेली अर्धी जागा जाळे स्वतःच्या ताब्यात ठेवून विकत असे. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.५ कोटी डॉलरला ते जाळे विकत घेतले, यावरून त्या उरलेल्या जागेची किंमत लक्षात यावी. आपले जाळेही दोनास एक देत आहे. वरकड कोठे जाते हा प्रश्न एकदा त्यांच्या नियमावलीत शोधून पाहावा.

२००७ मध्ये ब्लॉगलेखकांसाठी एंट्रेकार्ड नावाचे जाळे आले आणि त्याने वेगळीच रीत पाडली. १२५ गुणिले १२५ पिक्सेलचे कार्ड दुसऱ्याच्या ब्लॉगवर ‘टाकायचे’, की टाकणाऱ्याला आणि यजमानाला एकेक क्रेडिट मिळे. मी त्या काळात रोज रात्री जेवण झाल्यावर कार्डे टाकत बसत असे. शंभर ब्लॉग उघडायचे, चौकोन शोधायचा, दाबायचा, टॅब बंद करायची. आपल्याकडे सर्वाधिक कार्डे टाकणाऱ्यांचे महिनाअखेरीस जाहीर आभार मानण्याची पद्धत होती. ते आभार मलाही अनेकदा मिळाले, आणि ज्या ब्लॉगांनी ते मानले त्यांपैकी एकाचाही विषय मी आज सांगू शकणार नाही. माझ्याकडे येणारेही माझ्यासारखेच होते, फक्त नावे निराळी.

म्हणून येणाऱ्याला येण्याबद्दलच मोबदला मिळत असेल, तर त्याचे येणे हा कशाचाही पुरावा ठरत नाही. आपल्या ८० टक्क्यांचेही असेच आहे. गूगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत सेशन १० सेकंदांहून अधिक चालले, किंवा दोन पाने पाहिली गेली, किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती घडली, की ते सेशन एंगेज्ड ठरते. आपल्या जाळ्याची अट २० सेकंदांची आहे. म्हणजे अट पाळून समोर पान उघडे ठेवणारा प्रत्येक पाहुणा, मग त्याला मराठीचे एक अक्षरही येत नसो, आपोआप या कसोटीला उतरतो. त्याने लेख वाचला हे त्यावरून ठरत नाही, त्याने घड्याळ पाहिले एवढेच ठरते. बिचारा गूगलवरून आलेला वाचक मात्र एखादे अक्षर ओळखून आठव्या सेकंदाला समाधानाने परत गेला की नापास होतो.

ही १० सेकंदांची मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन ६० पर्यंत वाढवता येते, ती वाढवावी. बदल पुढच्या नोंदींना लागू होतो, मागील महिन्यांचे आकडे त्यामुळे सुधारणार नाहीत. स्क्रोलच्या नोंदीवर फार विसंबू नये, कारण ती पानाच्या उंचीचा ९० टक्के भाग ओलांडल्यावरच होते आणि ब्लॉगच्या पानावर लेखाखाली प्रतिक्रिया, जुन्या लेखांची यादी असे बरेच काही असते. पाठ पूर्ण वाचणाराही तेथवर पोहोचत नाही.

आपल्याला मात्र इतरांकडे नसलेली एक सोय आयती मिळाली आहे. आपले पाठ क्रमवार आहेत. एक पाठ वाचून पुढचा उघडणे ही कृती कोणी क्रेडिटसाठी करत नाही, कारण त्याचे क्रेडिट मिळतच नाही. ते मोजा.

मोडीवाचक

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन्ही दुव्यांना वेगळ्या खुणा बांधल्या, मर्यादा ६० सेकंदांवर नेली आणि तीन आठवडे थांबून आज आकडे घेऊन आले आहे.

क्रेडिटसाठी घड्याळ लावून आलेल्या भेटींचे १९० सेशन झाले. त्यांपैकी एका सेशनमध्ये दुसरा पाठ उघडला गेला आणि नंतर दुसऱ्या दिवशी परत आलेला एकही नाही. त्यांचा एंगेजमेंट रेट ८० वरून जवळजवळ शून्यावर आला, हे पाहून हसू आले. जाहिरात पाहून, स्वतःहून दाबून आलेल्यांचे सेशन केवळ ३१. त्यांपैकी चौघांनी दुसरा पाठ उघडला आणि दोघे पुन्हा आले. याच काळात गूगलवरून ६४० सेशन झाले आणि २०५ मध्ये दुसरा पाठ उघडला गेला.

घड्याळी भेटी बंद कराव्यात हे उघड दिसते. (या १९० भेटींच्या बदल्यात मी स्वतः २० सेकंदांच्या १९० भेटी दिल्या होत्या, म्हणजे तासाभराहून अधिक वेळ टॅब बदलण्यात गेला.) परंतु ३१ मधून चार, हा आकडा चांगला म्हणायचा की वाईट? गूगलच्या मानाने निम्म्याहून कमी आहे, तरी अगदी टाकाऊही वाटत नाही.

संख्याप्रेमी

चार भागिले ३१ म्हणजे १३ टक्के होतात, परंतु इतक्या लहान संख्येवर १३ हा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही. ९५ टक्के विश्वासाच्या पातळीवर खरे प्रमाण सुमारे ५ ते २९ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. गूगलचे प्रमाण ३२ टक्के आहे आणि त्यामागे ६४० सेशन असल्याने ते बरेच स्थिर आहे. तेव्हा जाहिरातीतून येणारा वाचक त्याहून उणा आहे एवढे म्हणता येईल, किती उणा ते आज सांगता येणार नाही. घड्याळी भेटींबाबत मात्र शंका उरत नाही. एखादी गोष्ट ‘न’ वेळा पाहून एकदाही घडली नाही, तर तिचे प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले ‘न’ धरावे, असा संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. १९० मध्ये परत येणारा एकही नाही, म्हणजे कमाल प्रमाण सुमारे १.६ टक्के. तीन आठवड्यांची मेहनत दुप्पट केली तरी हाती फार तर पाच-सहा वाचक येतील, आणि बहुधा एकही येणार नाही.

तरीही ३१ आणि ६४० यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही गटांना सारखीच संधी मिळते का, हे तपासायला हवे. गूगल वाचकाला थेट एखाद्या पाठावर आणून सोडते. आपली जाहिरात कोठे सोडते? मुखपृष्ठावर सोडत असेल तर दुसऱ्या पाठापर्यंत पोहोचायला त्या बापड्याला एक पायरी जास्त चढावी लागते आणि त्या पायरीवर गळती होतेच. जाहिरातीचा दुवा सरळ पहिल्या पाठावर न्या, किंवा त्याहून बरे म्हणजे एखाद्या जुन्या कागदाचे छायाचित्र आणि त्याचे वाचन असलेल्या पाठावर न्या, आणि कंटेंट या खुणेत दोन्ही आवृत्त्या वेगळ्या नोंदवा. महिन्याला ४०-५० सेशन येणार असतील तर दोन आवृत्त्यांत निवाडा करायला निदान तीन-चार महिने लागतील, हे आधीच मान्य करून बसावे.

परत येणाऱ्यांचा आकडा जितका दिसतो त्याहून थोडा जास्त असावा. आयफोनवरील सफारी ब्राउझर स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (वाचक ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) सात दिवसांत पुसून टाकतो. दहाव्या दिवशी परत आलेला वाचक त्यामुळे नवा म्हणून मोजला जातो. फोनवर पाठ पाहून घरी संगणकावर कागद समोर घेऊन बसलेला वाचकही दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून नोंदला जातो. मात्र ही त्रुटी सर्व मार्गांच्या वाचकांना सारखीच लागू असल्याने तुलना बिघडत नाही. परत येणाऱ्यांसाठी अहवाल निवडताना ‘युजर ॲक्विझिशन’ घ्यावा, ‘ट्रॅफिक ॲक्विझिशन’ नव्हे. पहिला अहवाल वाचक सर्वप्रथम कोठून आला ते धरून ठेवतो, दुसरा प्रत्येक सेशनचा मार्ग वेगळा लिहितो. जाहिरातीतून सापडलेला वाचक आठवड्याने ब्लॉगचे नाव गूगलवर शोधून आला, तर दुसऱ्या अहवालात त्याचे श्रेय जाहिरातीला मिळत नाही.

आणखी एक विचारतो. आपण जे मिळाले त्याचा हिशोब मांडला आहे, जे दिले त्याचा मांडलेला नाही. आपल्या ब्लॉगवरून इतर सभासदांकडे या तीन आठवड्यांत किती जण गेले?

मोडीवाचक

हे खरोखर पाहिले नव्हते. ॲनालिटिक्समध्ये बाहेर जाणाऱ्या क्लिकची नोंद असते म्हणून तेथे शोधले, पण जाहिराती आयफ्रेममध्ये असल्याने काहीच नोंदले गेलेले नाही. जाळ्याच्या पानावर मात्र ती माहिती आहे. दर पानावर दोन चौकोन असल्याने माझ्या ब्लॉगवर इतरांच्या जाहिराती ४,८०० वेळा दिसल्या आणि ५८ जण त्या दाबून बाहेर गेले. बदल्यात माझी जाहिरात २,४०० वेळा दिसली आणि जाळ्याच्या मते ३६ जण आले, त्यांपैकी माझ्याकडे पोहोचले ३१. दोन्ही बाजूंना जाळ्याचीच मोजणी धरली तर दिले ५८ आणि मिळाले ३६.

संख्याप्रेमी

प्रमाण पाहिले तर आपली जाहिरात उलट सरस आहे: २,४०० मध्ये ३६ म्हणजे दीड टक्का आणि ४,८०० मध्ये ५८ म्हणजे १.२ टक्के. तोटा होतो तो दोनास एक या दरामुळे. दर आपल्या हाती नाही, चौकोनाची जागा मात्र आहे. गेलेले ५८ कोण होते याचा विचार करा. त्यांतले बहुतेक गूगलवरून आलेले, म्हणजे आपले सर्वांत चांगले वाचक असणार. चौकोन पाठाच्या शेजारी असेल तर तो वाचकाला पाठाच्या मधूनच उठवून नेतो. तो प्रतिक्रियांच्या खाली न्यावा. जाळ्याचा नियम वरच्या भागातच जाहिरात लावण्याचा असेल, तर ती केवळ मुखपृष्ठावर लावून पाठांची पाने मोकळी ठेवता येतात का ते विचारावे.

लॉगवही

एक इशारा राहिला. ब्लॉगवर ॲडसेन्स (जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) लावलेले असेल किंवा लावण्याचा विचार असेल, तर घड्याळी भेटी आजच बंद करा. पाहण्याबद्दल मोबदला देणाऱ्या आणि क्लिकची अदलाबदल करणाऱ्या सेवांमधून भेटी आणण्यास त्यांच्या धोरणात स्पष्ट मनाई आहे आणि अशा भेटी आढळल्यास खाते बंद होऊ शकते. बॅनरच्या दुव्यांना ‘रेल’ गुणधर्मात (दुवा कोणत्या प्रकारचा ते सांगणाऱ्या कोडमधल्या खुणेत) ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेले आहे का तेही पाहून घ्या. गूगलने २०१९ पासून ही खूण दिलेली आहे आणि मोबदल्याचे दुवे शोधक्रमासाठी दिलेले नाहीत हे तिने कळते. आयफ्रेममधल्या जाहिरातींना याची गरज नसते, परंतु काही जाळी ‘आमच्या सभासदांची यादी’ म्हणून साधे दुवेही ब्लॉगच्या तळाशी चिकटवायला लावतात.

आणि डेटा जपून ठेवण्याची मुदत तपासा. गूगल ॲनालिटिक्समध्ये ती मुळात दोन महिन्यांची असते आणि १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते. दोन आवृत्त्यांचा चार महिन्यांचा प्रयोग करायचा आणि एक्सप्लोरेशनमध्ये (ॲनालिटिक्सच्या सखोल विश्लेषणाच्या विभागात) पहिल्या दोन महिन्यांचे वाचक सापडेनासे व्हायचे, असे होऊ नये.

मोडीवाचक

मुदत दोन महिन्यांचीच होती, ती आत्ता बदलली. ॲडसेन्स लावलेले नाही, तरीही घड्याळी भेटींचे खाते बंद केले. तळाशी साधे दुवे चिकटवायला लावलेलेच होते, एकूण अकरा निघाले, तेही काढले. चौकोन मुखपृष्ठापुरता ठेवण्यास जाळ्याच्या नियमांची हरकत दिसत नाही, म्हणून पाठांच्या पानांवरून तो हटवला आहे. त्यामुळे माझी जाहिरात पूर्वीपेक्षा बरीच कमी वेळा दिसेल. नव्या दोन आवृत्त्यांपैकी एक पहिल्या पाठाकडे नेते आणि दुसरी १७व्या पाठाकडे, ज्यात एका जुन्या खरेदीखताचे ओळीने वाचन आहे. चार महिन्यांनी याच धाग्यावर आकडे लिहीन.